पावसात छत्री मुकी का होते?



मृग तोंडावर आला की आपल्या गावोगावच्या पारावर एक तक्रार हमखास ऐकू येते, "छत्री गेली!" ही छत्री डोक्यावर धरायची नव्हे. घराच्या छपरावर नाहीतर स्लॅबच्या कठड्याला बसवलेली, आभाळाकडे तोंड करून राहिलेली दूरचित्रवाणीची डिश. गंमत बघा, एक छत्री पावसात उघडते आणि दुसरी नेमकी पावसातच मिटते. मग कोणी कंपनीला शिव्या घालतो, कोणी बसवून देणाऱ्या पोराला, तर कोणी भर पावसात शिडी लावून छपरावर चढतो आणि डिश इकडेतिकडे हलवून होते नव्हते तेही घालवून बसतो.

मीही त्यातलाच होतो. छत्री का गप्प बसते आणि ती गप्प बसली की आपण काय करायचे, हे मला रायगडच्या किनाऱ्यावर कळले. ते कळायला किंमत मोजावी लागली. आपल्या घाटावरच्या शेतकऱ्याला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन जूनची सकाळ

माझी थोरली बहीण, आमची आक्का, श्रीवर्धन तालुक्यात दिलेली. दाजींची पोफळीची वाडी, थोडी नारळाची झाडे, कौलारू घर आणि पुढे पडवी. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. दाजींच्या वाडीतल्या काही पोफळी त्यांच्या वडिलांच्या हातच्या.

जून २०२० ची गोष्ट. टाळेबंदीचे दिवस. आपल्याकडं अडसालीच्या लागणीसाठी सऱ्या पाडायचं काम चाललं होतं. अरबी समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली. त्याला नाव होते 'निसर्ग'. २ जूनला दिवसभर दूरचित्रवाणीवर तेच. हवामान खात्याने इशारा दिला होता, किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवण्याचे काम सरकारी यंत्रणेने चालवले होते. दाजींच्या गावातही ध्वनिक्षेपक फिरला, की कच्च्या घरातल्या लोकांनी शाळेत चला.

रात्री मी फोन केला. दाजी म्हणाले, "पाव्हणे, वादळ फिरतं हो. कधी गुजरातकडं जातं, कधी समुद्रातच मरतं. सकाळच्या बातम्या बघू नि मग ठरवू."

सकाळी बातम्या बघायला बसले, तोवर पाऊस धरला होता. पडद्यावर आधी चौकोन-चौकोन दिसू लागले, आवाज तुटू लागला, मग निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढीच पाटी. दाजींना वाटले, सर ओसरली की येईल. पुन्हा चालू केले, पुन्हा तेच. असा तासाभराचा वेळ त्या निळ्या पडद्यापुढे गेला. मग वीजही गेली.

शेवटी आक्का उठली. म्हणाली, "टीव्ही नाही सांगत तर वारा सांगतोय, तो ऐका. मी चालले पोरांना घेऊन." तिच्या मागोमाग दाजी निघाले. शाळेपर्यंत पोचायला ज्या वाटेला एरवी दहा मिनिटे लागतात, तिथे त्या दिवशी पाऊण तास लागला. झाडे आडवी होत होती, पत्रे उडत होते. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. शाळेच्या खिडकीतून काही दिसत नव्हते, नुसता आवाज. संध्याकाळी परत येऊन बघतात तर पडवीवर फणस कोसळलेला. टीव्हीपुढची खुर्ची, जिच्यावर दाजी बसले होते, ती त्याच्याखाली.

इकडं मी फोन लावून लावून दमलो. टॉवर बंद, वीज बंद. चौथ्या दिवशी भाचा मोटारसायकलवरून झाडे ओलांडत माणगावच्या पुढे, ताम्हिणीच्या वाटेला लागला, तिथे रेंज मिळाली. म्हणाला, "मामा, सगळी जिवंत आहोत. वाडी गेली." एवढे बोलून तो रडायला लागला.

नंतर मी तिकडं गेलो तेव्हा दाजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते, "चित्र येईल येईल म्हणून मी बसलो." एका मुक्या छत्रीपायी एक तास गेला. तो तास दोन तासांचा झाला असता तर मी हा लेख वेगळ्या मनाने लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

आभाळातला मनोरा

भाचा तालुक्याच्या गावात छत्र्या बसवण्याचे काम करतो. पोरगा हुशार. त्याने आणि थोड्याफार वाचनाने मला जे उमगले ते आता आपल्या भाषेत सांगतो.

दूरदर्शनची फ्री डिश सेवा २००४ साली सुरू झाली, तेव्हा तिचे नाव डीडी डायरेक्ट प्लस होते. आज तिचे कार्यक्रम आपल्या देशाच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तोही फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा. छत्रीचे तोंड एकदा लावले की लावले.

रायगडच्या किनाऱ्यावरून बघितले तर हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. म्हणजे छत्रीचे तोंड सह्याद्रीकडे आणि पाठ समुद्राकडे! पावसाळ्यातला पाऊस आणि वादळ मात्र येते समुद्राकडून. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

छत्तीस हजार किलोमीटर वाट चालून ती लहर आपल्या छपरावर येते. एवढ्या वाटेत पाऊस किती? आपल्याकडच्या आभाळात पाण्याचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत. त्याच्या वर बर्फाचे कण, आणि कोरडा बर्फ या लहरीला फारसा अडवत नाही. तिरप्या वाटेने हिशेब केला तर पावसातली वाट जास्तीत जास्त सहा किलोमीटरची. सगळा प्रवास सुखरूप होतो आणि घराच्या उंबऱ्यावर येऊन ठेच लागते, तशातली गत.

थेंब काय करतात?

या लहरी सेकंदाला सुमारे ११०० कोटी वेळा थरथरतात आणि एका लहरीची लांबी भरते जेमतेम एक इंच. पावसाचा मोठा थेंब चार-पाच मिलिमीटरचा. लहर आणि थेंब यांची मापे अशी जवळपास आली की थेंब त्या लहरीची ताकद थोडी पिऊन टाकतो आणि थोडी भलतीकडे उधळतो. धुक्यातल्या रात्री बैलगाडीच्या कंदिलाचा उजेड जसा जवळच विरतो, तसेच.

नुसत्या ढगाने फारसे बिघडत नाही, कारण ढगातले थेंब अगदी बारीक असतात. श्रावणातल्या रिमझिमीनेही चित्र जात नाही. जाते ते धो धो कोसळणाऱ्या सरीने. तासाला शंभर मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल, तर त्यातून जाताना प्रत्येक किलोमीटरला लहरीची निम्म्याहून जास्त ताकद जाते. रुपया घेऊन निघालात तर पहिल्या किलोमीटरला पन्नास पैसेसुद्धा उरत नाहीत, दुसऱ्याला पंचवीसच्या आत, तिसऱ्याला साडेबारा पैशांच्या आत. आपल्या भाषेत बोलायचे तर लहरीचा उतारा घसरतो.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. निरभ्र आकाश हे छत्रीच्या दृष्टीने थंड आणि शांत असते. पावसाचे थेंब उबदार. ते स्वतःच एक बारीक कुजबुज करत असतात आणि ती छत्रीला ऐकू येते. आपल्या कारखान्यात मिलजवळ उभे राहून हळू आवाजात बोलणाऱ्याचे ऐकायचा प्रयत्न करा. बोलणाऱ्याचा आवाज खाली गेला आणि भोवतीचा गोंगाट वाढला, तर काय समजणार? पावसात छत्रीचे असे दोन्हीकडून हाल होतात.

मग चित्र एकदम का जाते, हळूहळू फिके का होत नाही? आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पूर्वीच्या ॲंटेनावर चित्र बिघडले की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा. आताची पद्धत आकड्यांची. चित्र आकड्यांत मोडून पाठवले जाते आणि चुकलेले थोडे आकडे यंत्र आपल्या आपण दुरुस्त करून घेते. त्या मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ. मर्यादा ओलांडली की कडेलोट, आधी चौकोन आणि मग काहीच नाही. म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत सगळे ठीक आहे असे वाटते. दाजी त्यालाच फसले.

लांब लहरीला पाऊस लागत नाही

मी भाच्याला विचारले, "मग वादळाची चित्रे घेणाऱ्या उपग्रहाचे काम पावसात कसे चालते?"

तर त्याचे उत्तर लहरीच्या लांबीत आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचे विक्रम भू-उपग्रह केंद्र आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरून पाहिले असेल. १९७० च्या दशकाच्या आरंभी उसाच्या मुलखात उभी राहिलेली ती प्रचंड तबकडी लांब लहरींवर काम करी. उपग्रहावरून येणाऱ्या त्या लहरींची लांबी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास, घरच्या छत्रीच्या लहरीपेक्षा जवळजवळ तिप्पट. मुसळधार पाऊसही अशा लहरीचे थोडेच नुकसान करतो. १९७५-७६ मध्ये देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरदर्शन दाखवण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यातली लहर तर एक फुटाहून लांब. गावोगाव बसवलेल्या दहा फुटी छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या आणि तरी चालत.

आजही हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रे पाऊस-वाऱ्याचे आकडे उपग्रहाकडे पाठवतात ती सुमारे पाऊण मीटर लांबीच्या लहरीवरून. मुंबईला कुलाब्याचे डॉप्लर रडार दहा सेंटीमीटरच्या आसपासची लहर वापरते, कारण पावसातून आरपार जाऊन मागचा पाऊसही बघता यायला हवा. खोल समुद्रातल्या मच्छीमारांना इशारा पोचवण्यासाठी 'जेमिनी' नावाचे छोटे यंत्र २०१९ साली पुढे आले. ते गगन या आपल्या उपग्रह व्यवस्थेचा संदेश १९ सेंटीमीटरच्या लहरीवर घेते आणि जवळच्या मोबाईलवर दाखवते. भर पावसात, किनाऱ्यापासून दूर, मोबाईलची रेंज नसताना.

आता मुद्दा ध्यानात आला असेल. वादळाची बातमी तयार होण्यात पाऊस आडवा येत नाही. उपग्रह बघतो, रडार बघते, खाते इशारा काढते. पाऊस आडवा येतो तो ही बातमी शेवटच्या छपरावर पोचताना. कालव्याचे पाणी धरणातून सुटले, पण शेवटच्या चारीला पोचले नाही, हे दुखणे आपल्याला नवे नाही.

मग घरी छोट्या छत्रीसाठी इंचभराची लहर का वापरतात? कारण लहर जितकी लांब, तितकी तबकडी मोठी लागते. साठ सेंटीमीटरची छत्री घराघरांवर बसावी यासाठी लहर आखूड करावी लागली आणि त्याची किंमत आपण पावसात चुकती करतो.

हल्ली उपग्रहावरून घरी इंटरनेट मिळण्याच्या गोष्टी ऐकू येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांसारख्या भागांसाठी स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले. या कंपनीचे उपग्रह जवळून, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून फिरतात. चांगली गोष्ट आहे. परंतु तिचीही घरची लहर त्याच इंचभराच्या घराण्यातली आणि पावसाचा थर तोच, जमिनीपासून पाच किलोमीटरचा. नवी छत्री आली तरी पाऊस जुनाच.

सगळा दोष आभाळाचा नाही

भाच्याचे म्हणणे, "मामा, पावसाळ्यात माझ्याकडं ज्या तक्रारी येतात, त्यात आभाळाच्या थोड्या. बाकीच्या नटबोल्टाच्या."

किनाऱ्यावर खारी हवा. लोखंडी बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून पोळीसारखा सुटतो. जोडाच्या तोंडातून पाणी केबलमध्ये शिरते आणि आतली तांब्याची तार हिरवी पडते. मग पाऊस थांबून ऊन पडले तरी चित्र येत नाही. छत्रीच्या पुढच्या दांड्यावर जो छोटा डबा असतो, ज्याला एलएनबी म्हणतात, त्याचे प्लास्टिकचे टोपण उन्हाने तडकते आणि आत पाणी जाते. कधी त्यात कुंभारमाशी घर करते. छत्री बसवली तेव्हा शेजारचा माड लहान होता, तो वाढून आग्नेयेला आडवा आला, हेही नेहमीचे. ओले झाप कोरड्या झापांपेक्षा जास्त अडवतात.

आणि वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी चाळीसचा वारा एकशे वीसवर गेला की वेग तिप्पट, पण दाब नऊपट. छत्री म्हणजे भरलेले शीडच. किनाऱ्यावर पुष्कळांनी ती कौलाखालच्या वाशाला क्लँपने आवळलेली असते. 'निसर्ग' वादळात दाजींची छत्री वाशाच्या तुकड्यासकट तिसऱ्या घराच्या विहिरीत सापडली. ज्यांनी सिमेंटच्या स्लॅबवर चार बोल्ट घालून पाय रोवला होता त्यांच्यातल्या काहींच्या टिकल्या, पण तोंड फिरले. तोंड दोन-तीन अंशांनी फिरले तरी पुरे, उपग्रह हुकतो.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, मग मोठीच छत्री बसवू. म्हणणे चुकीचे नाही. साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची बसवली तर पृष्ठभाग सव्वादोन पट होतो, तेवढी लहर जास्त गोळा होते आणि मध्यम सरीत चित्र टिकते. परंतु वाराही सव्वादोन पट धरला जातो. मोठी छत्री आणि जुना वासा ही जोडी कामाची नाही. आपल्याच जुन्नर भागात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्या पत्र्याच्या न करता बारीक तारेच्या जाळीच्या केल्या, त्यामागे वारा आरपार जावा आणि खर्च आटोक्यात राहावा हाच विचार. लहर लांब असल्यामुळे तिथे जाळी चालते. आपल्या घरच्या छत्रीला ती सोय नाही. म्हणून पाया भक्कम करणे एवढेच आपल्या हाती.

एक खूण सांगून ठेवतो. पाऊस ओसरल्यावर दहा-वीस मिनिटांत चित्र परत आले, तर दोष आभाळाचा, छत्रीला हात लावू नका. ऊन पडूनही आले नाही, तर दोष जोडाचा, केबलचा किंवा तोंडाचा. आणि मार्चच्या पूर्वार्धात किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, स्वच्छ उन्हात, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र गेले तर घाबरू नका. त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. आपोआप येते.

मृगाआधीची कामे

ऊस लावायच्या आधी रान तयार करतो, तसे पावसाआधी हे करावे:

१. छत्रीचा पाय स्लॅबमध्ये किंवा पक्क्या भिंतीत रोवावा, कौलाच्या वाशाला बांधू नये. गंजलेले बोल्ट बदलावेत.

२. प्रत्येक जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोका द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते, आत येत नाही.

३. एलएनबीचे टोपण तपासावे. छत्रीच्या तोंडासमोरचे झाप आणि फांद्या छाटाव्यात.

४. निरभ्र दिवशी पडद्यावर सिग्नलचा आकडा किती दिसतो तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाला की तुलना करता येते.

५. विजा चमकू लागल्या की सेटटॉप बॉक्सची वीज आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावी. भर पावसात छपरावर चढू नये. मालिका उद्याही बघता येते.

६. घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असावा, सेल ताजे असावेत. रेडिओच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर, पाऊस तिला अडवत नाही. विजेचा कडकडाट तेवढा ऐकू येईल.

७. मोबाईलवर सरकारी इशारा येतो तो बंद करून ठेवू नये. २०२३ साली देशभर भोंग्यासारखा आवाज करणारे चाचणी-संदेश आले होते, ते यासाठीच. मात्र वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासच चालते, हेही विसरू नये.

गप्प बसणे हीच बातमी

आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. रायगडच्या किनाऱ्यावर छत्रीची पाठ समुद्राकडे आणि तोंड सह्याद्रीकडे. संकट येते पाठीमागून. समुद्रावर काळेकुट्ट आभाळ दाटले असले तरी छत्रीचे चित्र स्वच्छच असते, कारण ती त्या बाजूला बघतच नाही. ती गप्प बसते तेव्हा पाऊस डोक्यावर येऊन तिच्या वाटेत उतरलेला असतो. म्हणजे छत्री बंद पडणे ही आधीची सूचना नव्हे, उशिराची आहे. तेव्हा 'चित्र आले की ठरवू' असे म्हणणाऱ्याची वेळ तिथेच टळलेली असते.

आपण घाटावरचे लोक म्हणू, आम्हाला वादळाचे काय? पण बघा, किनाऱ्यावर चढलेले ढग दुसऱ्या दिवशी आपल्याच डोक्यावर असतात. २२ जुलै २०२१ ला रायगडात महाड बुडाले, तळीये गावावर दरड आली, त्याच पावसाने घाटावर कृष्णा-कोयनेचे पूर आणले आणि उसाची उभी राने पाण्याखाली गेली. मोटारी नदीकाठावरून काढायच्या, जनावरे वर न्यायची, हंगामात अवकाळी येणार असेल तर ऊस तोडायला टोळी घालायची की नाही हे ठरवायचे, हे सगळे निर्णय बातमीवर असतात. आणि ते बातमी आल्याबरोबर घ्यायचे असतात, पाऊस आल्यावर नव्हे.

दाजींनी आता नियम केला आहे. इशारा आला की छपराकडे बघायचे नाही. आदल्या संध्याकाळची बातमी शेवटची समजायची, कागदपत्रे आणि औषधे पिशवीत भरायची आणि उजेड असतानाच शाळेत जायचे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सगळी मंडळी आदल्या रात्रीच शाळेत होती. सकाळी परत आली तर घर जागच्या जागी. शेजारी हसले, "उगाच गेलात." दाजी म्हणाले, "हसा बापडे. शाळेत झोप तरी लागली."

वाडीत त्यांनी पोफळीची नवी रोपे लावली आहेत. सुपारी धरायला अजून काही वर्षे जातील. उसासारखे वर्ष-दीड वर्षात हाती येणारे ते पीक नव्हे. नवी छत्री मात्र लगेच बसली, भाच्याने सिमेंटच्या चौथऱ्यावर चार बोल्टांत रोवली. मागच्या पावसाळ्यात मी गेलो होतो. दुपारी जोराची सर आली, पडद्यावर चौकोन दिसू लागले आणि निळी पाटी आली. मी सवयीने रिमोट उचलला.

आक्का आतून म्हणाली, "ठेव तो. छत्रीनं सांगितलं काय सांगायचं ते. वाळत घातलेली सुपारी आधी आत घे."

आम्ही दोघे उठलो.